चौथा उपाय

पत्र शाळेच्या छापील कागदावर होते आणि अतिशय सभ्य भाषेत लिहिलेले होते. जूनच्या बावीस तारखेला सर्वांत वरच्या वर्गातील मुले पाच दिवसांसाठी डॉर्सेटमधल्या एका शेतावर मुक्कामाला जाणार होती. गेल्या वर्षीचा अनुभव लक्षात घेता मंजिरीला सोबत नेण्याची जबाबदारी शाळेला पत्करता येणार नाही, याबद्दल दिलगिरी व्यक्त केलेली होती आणि खाली मुख्याध्यापिका मिसेस हॅलिवेल यांची सही होती.

मंजिरी ही माझी नात, वय वर्षे अकरा. १९९२ सालच्या त्या मे महिन्यात लंडनच्या पिनर उपनगरातल्या घरात आम्ही पाच माणसे राहत होतो. मुलगा राजीव सकाळी साडेसहाला रीडिंग गावातल्या ऑफिसला निघे तो संध्याकाळी सातला परत येई. सून मीनल हॅरोतल्या बिल्डिंग सोसायटीत, म्हणजे घरकर्ज देणाऱ्या संस्थेत, काम करी. मी निवृत्त होऊन दोन वर्षे झाली होती, आणि माझी पत्नी सुप्रभा हिच्या मते ती दोन वर्षे मी घरातल्या वस्तूंची तपासणी करण्यात घालवली होती.

गेल्या वर्षीचा अनुभव असा, की शाळेने मुलांना फुलपाखरे मोजण्यासाठी एका कुरणात नेले होते. अर्ध्या तासात मंजिरीचे दोन्ही डोळे सुजून मिटले, श्वासातून शिट्टी वाजू लागली, शिक्षिका घाबरल्या आणि अ‍ॅम्ब्युलन्स बोलवावी लागली. गवताच्या परागांनी होणारा हे-फीवर या देशात सर्वांना ठाऊक आहे. बहुतेकांना उन्हाळ्यात चार शिंका येतात. मंजिरीला चाळीस येत, आणि चाळिसाव्या शिंकेनंतर तिला वाचता येत नसे, जेवता येत नसे आणि झोपही येत नसे.

तिने ते पत्र दोनदा वाचले आणि घडीवर घडी घालत त्याचा लहानसा चौकोन केला.

“आजोबा, सगळे जाणार आहेत. एव्हरीवन. रोझीपण. आणि ती तर अजून अंथरुणात शू करते.”

“मंजू!” मीनल म्हणाली.

“खरं आहे, मम्मी. तिला घेतात, मला नाही. वर्गात मला काय म्हणतात माहितीये? अ‍ॅम्ब्युलन्स.”

ती रडली नाही. रडली असती तर कदाचित मी समजूत घालून विषय संपवला असता. ती तो चौकोन माझ्यासमोर ठेवून वर निघून गेली, आणि दुसऱ्या दिवशी मी व मीनल मुख्याध्यापिकांच्या खोलीत बसलो होतो.

मिसेस हॅलिवेल उंच, शांत आणि विचारपूर्वक बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांना मुलीबद्दल कळकळ होती हे मला दिसत होते, म्हणून मी वाद घातला नाही. मी एवढेच विचारले, “मॅडम, तुमची खात्री कशाने पटेल?”

त्यांनी थोडा विचार केला. “मेअखेरची आठवड्याची सुट्टी संपून एक जूनला शाळा उघडेल. पहिले दहा दिवस ती इतरांसारखी मैदानावर खेळली आणि एकदाही मेडिकल रूममध्ये आली नाही, तर मी पुन्हा विचार करीन. डॉक्टरांचं पत्रही लागेल.”

“एकदाही नाही, ही अट कोणत्याच मापाला लावता येत नाही,” मी म्हणालो. “मी एकतीस वर्षं कारखान्यात मापं तपासली आहेत. प्रत्येक मापाला थोडी सूट द्यावीच लागते. आम्ही तिला टॉलरन्स म्हणतो.”

“किती सूट हवी तुम्हाला?”

“दोन वेळा.”

“एकदा,” मिसेस हॅलिवेल म्हणाल्या. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसू होते.

फाटकाबाहेर आल्यावर मीनल म्हणाली, “बाबा, मी तोंड उघडायच्या आत तुम्ही भाजीवाल्याशी करावी तशी घासाघीस केलीत.”

“दोन मागितले म्हणून एक तरी मिळाला.”

त्याच संध्याकाळी मी चौकटीच्या कागदाची नवी वही काढली. माझे शिक्षण मुंबईच्या टेक्निकल कॉलेजात झाले आणि पुढचे इथल्या रात्रवर्गांत. दोन्हीकडे मला एकच गोष्ट शिकवली गेली, की जे मोजले नाही ते सुधारता येत नाही. तारीख, हवा, वर्तमानपत्रात छापून येणारा परागांचा आकडा, घेतलेले औषध, रात्री किती वेळा जाग आली, असे रकाने मी आखले. शेवटचा रकाना मंजिरीचा. रोज सकाळी तिने स्वतःच्या स्थितीला शून्य ते दहा असा आकडा द्यायचा. शून्य म्हणजे आपल्याला नाक आहे याची आठवणही होत नाही. दहा म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्स. नियम एकच होता: वहीत खोटे लिहायचे नाही. वाईट आकडा चालेल, खोटा नाही.

पहिल्या पानावर चार उपाय लिहिले. पहिला उपाय आमच्या डॉक्टर सुलक्षणा पाध्ये यांचा: नाकात मारायचा फवारा, डोळ्यांचे थेंब आणि झोप न आणणारी गोळी, हे सर्व त्रास सुरू होण्याची वाट न पाहता आधीपासूनच. दुसरा, सकाळी आणि संध्याकाळी घराच्या खिडक्या बंद, कारण पराग सकाळी वर चढतात आणि हवा थंड होऊ लागली की खाली उतरतात. तिसरा, बाहेर जाताना बाजूंनीही झाकणारा काळा चष्मा आणि नाकपुड्यांच्या कडेला व्हॅसलिनचे बोट.

चौथा उपाय माझा स्वतःचा होता. आपल्याकडे आजारी माणसाच्या अंथरुणाला ऊन दाखवतात. दमट घरात उशा-पांघरुणांना कुबट वास लागतो, त्यात काय काय साठते कोण जाणे, आणि उन्हासारखे शुद्ध करणारे दुसरे काही नाही, हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. त्या वर्षी मे महिन्यातच ऊन कडकडीत पडू लागले होते. म्हणून रोज सकाळी साडेनऊला मंजिरीची उशी, चादर आणि सुप्रभाने शिवलेली गोधडी मी मागच्या बागेतल्या दोरीवर घालत असे. दुपारी एकदा बाजू बदलत असे. संध्याकाळी पाचला सर्व झटकून, थोपटून तिच्या पलंगावर नीट पसरत असे. हा उपाय रोजचाच असल्यामुळे त्याला रकाना दिला नव्हता. जे बदलत नाही ते रोज कशाला लिहायचे?

मेच्या अखेरीस आकडे येऊ लागले. चार. पाच. पाच. सहा.

“आजोबा, आज माझी नाक सहा आहे,” मंजिरी जिन्यावरूनच ओरडे.

“माझं नाक,” सुप्रभा स्वयंपाकघरातून दुरुस्ती करी.

“तुझं नाही आजी, माझी!”

सुप्रभाचाही एक उपाय होता, तो वहीत नव्हता. रोज सकाळी हळद घातलेले गरम दूध, आणि त्यानंतर खोबरेल तेल लावून घट्ट वेणी. दुधाचा पेला पाहिला की मंजिरीचा चेहरा डोळ्यांच्या सुजेपेक्षाही वाईट होई.

एक जूनला, सोमवारी, शाळा उघडली. हवा स्वच्छ, आकडा मोठा. पहिला दिवस निभावला. मंगळवारी सकाळी मंजिरीने सात सांगितले, आणि पावणेअकरा वाजता शाळेतून फोन आला की ती मेडिकल रूममध्ये ओल्या रुमालाखाली डोळे मिटून पडली आहे.

दुसऱ्याच दिवशी सूट संपली होती. आता उरलेल्या आठ दिवसांत चुकीला जागा नव्हती, आणि मला पडलेला प्रश्न त्याहून अवघड होता. चारही उपाय रोज, वेळेवर, न चुकता चालू होते. तरीही आकडे चढत होते.

बुधवारी माझी डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणी होती. सुप्रभा सोबत आली. आम्ही सकाळी आठलाच निघालो आणि डोळ्यांत घातलेल्या औषधाचा परिणाम ओसरून परत यायला संध्याकाळ झाली. गुरुवारी सकाळी मंजिरी जिना उतरून आली, खुर्चीवर बसली आणि म्हणाली, “दोन.”

“दोन? नीट सांग.”

“टू. प्रॉमिस. मला आज टोस्टची चव आली.”

बुधवारचा परागांचा आकडा मंगळवारइतकाच होता. मी वहीत दोन लिहिले आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढले. त्या दिवशी सर्व उपाय पुन्हा नेमाने केले. शुक्रवारी सकाळी मंजिरी म्हणाली, “सात.” ती शाळेत गेली. नंतर तिने सांगितले, की दुपारी ती मेडिकल रूमच्या दारापर्यंत गेली होती. दाराची मूठ धरून ते ढकलणार, इतक्यात तिला शेत आठवले. ती मुलींच्या स्वच्छतागृहात गेली, थंड पाण्याने डोळे धुतले, डोळ्यांत थेंब घातले आणि वर्गात जाऊन बसली.

शनिवारी सकाळी मी साडेनऊची कामे उरकून जेवणाच्या टेबलावर आलेखाचा कागद पसरला. आडव्या रेषेवर वर्तमानपत्रातले आकडे, उभ्या रेषेवर मंजिरीचे. सगळे ठिपके साधारण एका चढत्या पट्ट्यात बसले, फक्त गुरुवारचा ठिपका खाली एकटा पडला होता.

“वर्तमानपत्राचा बुधवारचा आकडा चुकला असावा,” मी म्हणालो.

समोर मंजिरी आणि सुप्रभा वाटाणे सोलत होत्या. मंजिरीचा हात थांबला.

“आजोबा, वहीत खोटं नाही लिहायचं ना?”

“नाही.”

“आणि काहीच नाही लिहिलं तर? ते खोटं आहे?”

मी पेन्सिल खाली ठेवली. “काय लिहायचं राहिलं?”

“बुधवारी सकाळी ते यलो दूध सांडलं. बेडवर. उशीवर, गोधडीवर, सगळीकडे.”

“सांडलं का ओतलं?” सुप्रभाने विचारले.

मंजिरीने आणखी एक शेंग उकलली. “थोडं सांडलं. मग बाकीचं... ओतलं.”

एवढ्यात मीनल हातात कपड्यांची टोपली घेऊन दारात आली. “मंजू, आपलं ठरलं होतं ना?”

“सॉरी मम्मी. पण वही आहे.”

मीनलने टोपली खाली ठेवली. “बाबा, रागावू नका. तुम्ही दोघं दवाखान्यात होतात आणि मला ऑफिसला उशीर होत होता. हळदीचे डाग वाळले तर निघत नाहीत. सगळं मशीनमध्ये टाकलं आणि नंतर... ड्रायर लावला.”

या ठिकाणी सांगितले पाहिजे, की ड्रायरबद्दलचे माझे मत घरात सर्वांना पाठ होते. बाहेर सूर्य असताना पत्र्याच्या डब्यात कपडे गरगर फिरवणे मला मान्य नव्हते. त्यामुळे माझी सून, जी बिल्डिंग सोसायटीत चार माणसांवर देखरेख करत असे, ती आपल्याच घरात चोरून ड्रायर लावत होती.

मी रागावलो नाही. खरे सांगायचे तर मी तिचे पुढचे बोलणे ऐकतही नव्हतो. कॉलेजातला पहिला आठवडा मला आठवत होता. आमचे शिक्षक रेगेसर यांनी आम्हांला पोलादाचा मापाचा ठोकळा मोजायला दिला होता. मिलिमीटरचा हजारावा भागही इकडेतिकडे होऊ नये असा तो ठोकळा, पण प्रत्येक मुलाचे माप थोडे थोडे मोठे येत गेले. आम्ही यंत्राला दोष दिला, ठोकळ्याला दिला, उजेडालाही दिला. शेवटी सर म्हणाले, “हातमोजे घाला.” उघड्या हाताच्या उबेने पोलाद फुगत होते. आम्ही मोजत होतो ती चूक आमच्याच हातांनी आत जात होती.

बुधवारी उशी दोरीवर गेलीच नव्हती. मी उठून मागच्या बागेत गेलो. मंजिरीची उशी दोरीवर होती. तासाभरापूर्वी मीच ती तिथे लावली होती. कुंपणापलीकडच्या माळावरचे गवत गुडघ्याएवढे वाढून तुऱ्यांवर आले होते आणि वाऱ्याची झुळूक आली की त्यावरून फिकट धुरासारखे काहीतरी उठून आमच्या बाजूला येत होते. तीन आठवडे मी ते पाहत होतो आणि सुंदर म्हणत होतो.

निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी मला कारखान्यातला जुना मायक्रोस्कोप भेट दिला होता. पृष्ठभागावरचे ओरखडे तपासण्यासाठी तो वापरत. मी चिकटपट्टीचा एक तुकडा दोरीवरच्या उशीवर दाबला, दुसरा मीनलच्या टोपलीतल्या, नुकत्याच ड्रायरमध्ये वाळवलेल्या अभ्र्यावर, आणि दोन्ही काचेच्या पट्टीवर लावून भिंगाखाली धरले. दुसऱ्या तुकड्यावर कापसाचे दोन-चार तंतू होते. पहिल्यावर गोल, पिवळसर, एकसारखे दाणे इतके होते की मी मोजायचा प्रयत्न सोडून दिला.

ते पाहताना मला काय वाटले हे लिहायला मला सोपे जात नाही. घराच्या खिडक्या मी मिनिटाच्या हिशेबाने बंद करत होतो, आणि संध्याकाळी पाचला तेच पराग स्वतःच्या हातांनी आणून, झटकून, थोपटून मुलीच्या डोक्याखाली ठेवत होतो.

सुप्रभाने भिंगातून पाहिले. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

“एकतीस वर्षं लोकांच्या चुका काढल्यात ना हो?” ती म्हणाली. “आता एक नापासाचा शिक्का स्वतःवरही मारून घ्या.”

“मारतो. पण खात्री करायला हवी. आज रात्री तिला हीच उशी देऊ आणि उद्या—”

“खबरदार! पोरगी आहे ती, तुमचा ठोकळा नाही.”

ती बरोबर होती आणि मी वही मिटली. पण मंजिरीला आता गोडी लागली होती. तिने चिकटपट्टीचा नवा तुकडा तोडला. “आजी, आता माझा वेणी.”

“वेणीत काय असणार? सकाळीच तेल लावून घातली आहे.”

मंजिरी सकाळी तासभर बागेत सायकल पुसत होती. तेलकट वेणीवरून निघालेला तो तुकडा भिंगाखाली ठेवला तेव्हा उशीचा तुकडा त्यापुढे स्वच्छ वाटावा अशी अवस्था होती. खोबरेल तेलाने एकही दाणा सोडला नव्हता. सुप्रभाने भिंगाला डोळा लावला.

“अगबाई,” ती हळूच म्हणाली.

“आता शिक्का कुणावर मारू?” मी विचारले.

“अर्धा-अर्धा मारा,” ती म्हणाली, आणि मीनल इतकी हसली की तिला खुर्ची ओढून बसावे लागले.

मी डॉक्टर सुलक्षणांना घरी फोन केला. त्या आमच्या ओळखीच्याच होत्या. सर्व हकीकत मी क्रमाने सांगितली.

“नामजोशीकाका, एक मिनिट हं.” फोन खाली ठेवल्याचा आवाज आला, मग दार उघडल्याचा. बऱ्याच वेळाने त्या धापा टाकत परत आल्या. “हं, बोला. दोरीवर माझ्या उशा होत्या, त्या आत घेतल्या. हे मीच तुम्हाला सांगायला हवं होतं, पण मला वाटलं, आता उशा उन्हात कोण घालतं!”

त्या शनिवारी आणि रविवारी घरात ड्रायर अखंड चालला आणि तो मी चालवला. अंथरूण, पडदे, शाळेचे कपडे, सगळे. छत्रीसारखा उघडणारा दोरीचा खांब मी मिटून शेडमध्ये ठेवला. मंजिरीने शाळेतून आल्याबरोबर कपडे बदलायचे, डोके धुवायचे आणि बाहेरचे कपडे झोपायच्या खोलीत न्यायचे नाहीत, असे ठरले. तेल सप्टेंबरपर्यंत बंद. हळदीचे दूधही बंद व्हावे असा एक अर्ज आला, तो सुप्रभाने फेटाळला; मात्र यापुढे दूध खाली टेबलावरच प्यायचे, असा निर्णय झाला. पहिल्या पानावर मी चौथ्या उपायावर लाल रेघ मारली आणि शेजारी लिहिले: रद्द; हाच दोष होता.

सोमवारी मंजिरीने तीन सांगितले. मंगळवारी दोन. बुधवारी दोन. बाहेर ऊन तापत होते आणि वर्तमानपत्रातले आकडे रोज वर जात होते, पण मंजिरी चष्मा लावून शाळेत जात होती आणि शाळेतून येताना रस्त्यावर काहीतरी गुणगुणत होती. गुणगुणायला नाक मोकळे लागते, हे मी पूर्वी कधी लक्षात घेतले नव्हते.

गुरुवार हा त्या मोसमातला सर्वांत वाईट दिवस ठरणार, असे सकाळी रेडिओवर सांगितले. शाळेच्या मैदानावरचे गवत आदल्याच दिवशी कापलेले होते आणि दुपारी क्रीडादिनाची तालीम होती. मी सकाळपासून फोनच्या खोलीतच बसलो होतो. तशी वहीत नोंद नाही, कारण त्याला रकाना नव्हता.

दुपारी सव्वा वाजता फोन वाजला. शाळेच्या सेक्रेटरीचा आवाज ओळखून मी उठून उभा राहिलो.

“मिस्टर नामजोशी, मंजिरीबद्दल फोन केला आहे.”

“कुठे आहे ती?”

“माझ्यासमोर उभी आहे. ती बाहेर जायला तयार नाही.”

“डोळे सुजले आहेत का?”

“डोळे? नाही नाही, डोळे ठीक आहेत. ती चष्मा घरी विसरली आहे आणि म्हणते की चष्म्याशिवाय मैदानावर जाणं तिच्या नियमात बसत नाही. तुम्ही तो आणून दिलात तर—”

शाळेचा रस्ता एरवी बारा मिनिटांचा आहे. मी तो सात मिनिटांत कापला. मंजिरी ऑफिसच्या दारात उभी होती. नाकपुड्यांवर व्हॅसलिन चकाकत होते. तिने चष्मा घेतला, डोळ्यांवर चढवला आणि धावत मैदानावर गेली. मी कुंपणापाशी उभा राहून पाहिले. रिलेच्या शर्यतीत ती तिसऱ्या टप्प्यावर होती. नव्या कापलेल्या गवतावरून तोंड उघडे टाकून, हातातली दांडी उंच धरून ती धावली आणि रोझीच्या हातात दांडी देऊन गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली. मी शिंकेची वाट पाहिली. एक आली. मग तिने मान वर केली आणि रोझीच्या नावाने ओरडू लागली.

शुक्रवारी दुपारी साडेतीनला आम्ही तिघे, मंजिरी, मीनल आणि मी, मिसेस हॅलिवेल यांच्या खोलीत होतो. दहा दिवस पूर्ण झाले होते. मेडिकल रूमच्या रजिस्टरात मंजिरीचे नाव एकदाच होते. मी डॉक्टरांचे पत्र टेबलावर ठेवले आणि त्यावर तारखांप्रमाणे काढलेला नवा आलेख ठेवला. सहा जूनपर्यंतचे ठिपके, चार तारखेचा एक सोडून, एका रेषेवर चढत गेले होते. त्यानंतरचे सगळे खाली, एका सपाट ओळीत.

मिसेस हॅलिवेल यांनी तो बराच वेळ पाहिला. “सव्वीस वर्षांत पालकांनी मला फुलं दिली, चॉकलेटं दिली आणि कधी धमक्याही. आलेख प्रथमच मिळतो आहे. इथे काय घडलं?” त्यांनी जिथे रेषा तुटली होती तिथे बोट ठेवले.

मीनलने माझ्याकडे पाहिले. हे मीच सांगणे योग्य होते.

“इथे आम्हांला दोष सापडला, मॅडम. तो मी होतो. मी तिची उशी रोज बाहेर वाळत घालत होतो.”

त्यांनी चष्मा काढला. “माझी मुलगी लहान असताना मीही घालत होते,” त्या सावकाश म्हणाल्या. “तिलाही हा त्रास होता.” मग त्या मंजिरीकडे वळल्या. “शेतावर तुझे आजोबा नसतील. तिथे काय करशील?”

मंजिरीने उत्तर पाठ केले नव्हते. मी ते तिला शिकवलेही नव्हते. ती म्हणाली, “टॉवेल आतच वाळवीन. संध्याकाळी केस धुवीन. खिडकीपासून लांबचा बेड घेईन. आणि बरं वाटत नसेल तर लगेच सांगेन, खोटं बोलणार नाही. वहीत लिहावं लागतं.”

मिसेस हॅलिवेल यांनी खणातून सहलीची यादी काढली आणि तिच्या शेवटी स्वतःच्या पेनने मंजिरीचे नाव लिहिले. मग म्हणाल्या, “या उपायांची एक प्रत मला द्याल का? शाळेत अशी आणखी तीन मुलं आहेत.”

“देईन,” मी म्हणालो. “चौथा सोडून.”

बावीस तारखेला बस गेली आणि पाच दिवस घरात नाकाचा आकडा कोणी सांगितला नाही. सुप्रभा दोनदा चुकून दुधाचा पेला भरून बसली. शुक्रवारी संध्याकाळी बस परत आली तेव्हा फाटकाशी राजीवही होता. तो त्या दिवशी रीडिंगहून तीनलाच निघाला होता. मंजिरी उतरली ती उन्हाने रापलेली, गुडघ्याला खरचटलेली, केस विस्कटलेले. तिच्या मागून उतरलेल्या दोन मुली तिला हाक मारत होत्या, “मंजी! मंजी, सोमवारी भेटू!” अ‍ॅम्ब्युलन्स हा शब्द मला ऐकू आला नाही.

“किती?” मी विचारले.

“एक, दोन, एक, तीन, एक. तीन आला तेव्हा आम्ही गवताच्या गंजीवरून उड्या मारल्या. मला माहिती होतं तीन येणार. पण वर्थ इट होतं, आजोबा.”

घरी आल्यावर तिने आधी केस धुतले. मग ओल्या केसांनीच पिशवीतून एक पाकीट काढून माझ्यासमोर ठेवले. आत चिकटपट्टीचे दोन तुकडे होते, प्रत्येक जाड पारदर्शक कागदावर नीट लावलेला, खाली तिच्या वळणदार अक्षरात तारीख. एकावर लिहिले होते, “गंजी”. दुसऱ्यावर, “माझी उशी, शेवटची रात्र”.

मी मायक्रोस्कोप काढला. गंजीच्या तुकड्यावर दाण्यांची इतकी दाटी होती की मधून उजेडही येत नव्हता. तो बाजूला ठेवून मी दुसरा तुकडा भिंगाखाली सरकवला आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, ओळीने, कोणताही भाग न वगळता पाहत गेलो. मंजिरी माझ्या खांद्याशी उभी होती.

“काय दिसतं?” तिने विचारले.

“काही नाही,” मी म्हणालो, आणि खात्रीसाठी पुन्हा पहिल्या कडेपासून सुरुवात केली.